जावा-बालीच्या कलावंतांसोबत नाटक बसवण्याआधी

आपला प्रश्न मला समजला तो असा. पुण्यातील आपली हौशी नाट्यसंस्था भीष्मपर्वावर एक प्रयोग बसवत आहे. त्यासाठी इंडोनेशियातील जावा बेटावरच्या सुराकार्ता शहराहून एक दालांग, म्हणजे छायाबाहुल्यांच्या खेळाचा सूत्रधार, आणि बालीहून एक नर्तिका पाच आठवड्यांसाठी येणार आहेत. गामेलानचा, म्हणजे तिथल्या मुख्यतः काशाच्या वाद्यवृंदाचा, संच आणणे परवडण्यासारखे नाही, म्हणून ध्वनिमुद्रित संगीत लावून त्यावर पखवाज आणि हार्मोनियम वाजवावे, असा आपला विचार आहे. त्यांच्या परंपरेत ढवळाढवळ केल्यासारखे होऊन ते दुखावतील का, ही आपली मुख्य धास्ती आहे. आणि शेवटी, कॉलेजच्या मुलांकडून केचाक, म्हणजे ‘चाक-चाक’ अशा ठेक्यांवरचा बालीचा समूहगायनाचा प्रयोग, बसवून घेता येईल का, असेही आपण विचारले आहे.

मी स्वतः सुराकार्तात केंदांग, म्हणजे तिथला ढोल, शिकलो आहे आणि बरीच वर्षे भारतीय व इंडोनेशियन कलावंतांच्या संयुक्त प्रयोगांच्या तालमींत संगीताचे संयोजन करतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की परंपरा बिघडण्याची धास्ती आपण बरीचशी सोडून द्यावी. काळजी करण्याजोगी गोष्ट आपल्या प्रश्नात ओझरती येऊन गेली आहे, ती म्हणजे ध्वनिमुद्रित संगीत. तिच्याकडे वळण्यापूर्वी धास्ती का सोडावी ते थोडक्यात मांडतो.

बाहेरच्या प्रेक्षकांसाठी, बाहेरच्या माणसांसोबत काम करणे ही या कलावंतांना नवी गोष्ट नाही. १९३१ साली पॅरिसच्या वसाहती प्रदर्शनात बालीतील पेलियातान गावच्या परिसरातील कलावंतांनी प्रयोग केले आणि ते पाहून आंतोनँ आर्तो या फ्रेंच नाट्यविचारवंताची रंगभूमीविषयीची कल्पनाच पालटली. १९५२ मध्ये त्याच पेलियातानचे पथक जॉन कोस्ट या इंग्रज संयोजकाच्या खटपटीतून युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा खास त्या दौऱ्यासाठी इ मारियो या थोर नर्तकाने ‘ओलेग तामुलिलिंगान’ हे भुंग्यांच्या प्रणयाचे नृत्य नव्याने रचले. आज बालीतील मुली ते पारंपरिक नृत्य म्हणूनच शिकतात. ज्याच्यावर आपली नजर आहे तो केचाकही १९३० च्या दशकात, सांगह्यांग या अंगात येण्याच्या विधीतील समूहगायनाला रामायणाची गोष्ट जोडून आकाराला आला, आणि त्यात वायान लिंबाक यांच्याबरोबर वॉल्टर श्पीस या जर्मन चित्रकाराचाही हात होता. जावामध्येही हेच दिसते. रात्री नऊच्या सुमारास सुरू होऊन पहाटे संपणारा वायांग, म्हणजे छायाबाहुल्यांचा खेळ, एक-दीड तासात बसवण्याची ‘पाकेलिरान पादात’ ही रीत १९७० च्या दशकात सुराकार्ताच्या कला अकादमीत, गेंदोन हुमार्दानी यांच्या पुढाकाराने घडली. म्हणजे आपला दालांग त्या संस्थेत शिकलेला असेल तर कथा आटोपशीर करण्याचे शिक्षण त्याला विद्यार्थिदशेतच मिळालेले असेल. तो एखाद्या खेड्यातील दालांग घराण्यात वडिलांच्या मांडीवर बसून शिकलेला असेल तर गोष्ट थोडी वेगळी असते. तो प्रसंग लांबवतो, प्रेक्षक पाहून रंगवतो, आणि मिनिटांच्या हिशेबात त्याला कोंडणे अवघड जाते. यांपैकी आपला पाहुणा कोणत्या वळणाचा आहे, हे आधी विचारून घ्यावे, कारण पुढच्या पुष्कळ गोष्टी त्यावर अवलंबून आहेत.

आता मुद्द्याकडे येतो. जावा आणि बाली या दोन्ही ठिकाणी कलावंत एकटा असा फारसा नसतोच. दालांग आपल्या कीर्तनकाराप्रमाणे कथा सांगतो, गातो, हसवतो, मध्येच आजच्या राजकारणावर टोलाही मारतो. पण त्याशिवाय तो संपूर्ण वाद्यवृंद चालवत असतो. त्याच्या डावीकडे बाहुल्यांची लाकडी पेटी असते. हातात किंवा पायाच्या बोटांत धरलेल्या चेंपालाने, म्हणजे लाकडी ठोकणीने, तो त्या पेटीवर ठोके देतो आणि पेटीला टांगलेल्या धातूच्या पट्ट्या पायाने वाजवतो. दोन्ही हातांत बाहुल्या लढत असताना पायाने दिलेल्या एका ठोक्यावर वादक लय चढवतात, दुसऱ्यावर थांबतात, आणि संवादात गुंफलेल्या एखाद्या सूचक शब्दावरून पुढे कोणती रचना वाजवायची ते ओळखतात. बालीनीज नर्तिकेचेही तसेच असते. ती खांदा किंचित उचलते, डोळे झटक्यात फिरवते आणि पुढच्याच क्षणी सगळा वृंद एकदम तुटतो. या तोडीला तिथे ‘आंगसेल’ म्हणतात. ही तोड कधी घ्यायची ते नर्तिका ठरवते, केंदांगवाला तिच्याकडे पाहून ती ओळखतो आणि बाकीच्यांना कळवतो.

अशा कलावंताला ध्वनिमुद्रणावर उभे केले की इशारा देण्याचे त्याचे काम संपते आणि इशारा पाळण्याचे काम सुरू होते. नृत्य दिसायला तेच दिसते. पण पाठीशी जिवंत वाद्यवृंद असताना जिच्या डोळ्यांत ठिणगी असते, तीच नर्तिका ध्वनिफितीवर पुढची तोड कुठे आहे ते आठवत नाचत असते, आणि जाणकाराला हे पहिल्या मिनिटात कळते. संयुक्त प्रयोगांत इंडोनेशियन कलावंत शोभेचे वाटतात, अशी तक्रार मी पुष्कळदा ऐकली आहे. अशा बहुतेक वेळी त्यांच्या हातातून इशारा काढून घेतलेला होता. म्हणून आपण पहिल्या आठवड्यात ठरवायचे ते एवढेच, की प्रत्येक प्रवेशात इशारा कोणाचा आणि तो कोण पाळणार.

पैशांचे गणित मला ठाऊक आहे. गोंग कब्यारचा, म्हणजे बालीतील मोठ्या गामेलानचा, संच म्हणजे पंचवीस-तीस वादक आणि टनभर काशाची वाद्ये. त्याचा विचारही नको. पण मधले मार्ग आहेत. बालीतील छायाबाहुल्यांच्या खेळाला, महाभारताचा खेळ असेल तर, ‘गेंदेर वायांग’ नावाच्या फक्त चार लहान वाद्यांची साथ असते आणि ती विमानाने नेता येतात. जावामध्ये ‘गादोन’ नावाचा लहानसा संच चालतो. त्यात गेंदेर (धातूच्या पट्ट्यांचे वाद्य), रेबाब, गांबांग, सुलिंग, सितेर, केंदांग अशी मृदू आवाजाची वाद्ये असतात. हेही जमत नसेल तर माझा सल्ला असा की आणखी एकच माणूस बोलवा, आणि तो केंदांगवादक असावा. नर्तिकेचे अंग वाचून ते ताशा, झांजा, पखवाज वाजवणाऱ्या आपल्या मुलांपर्यंत पोहोचवील असा एक मधला माणूस मिळाला की निम्मे काम होते. फक्त जावाचा केंदांगवादक बालीच्या नर्तिकेला साथ करील असे गृहीत धरू नका. दोन्ही ठिकाणची लय, वाद्ये आणि शिस्त वेगवेगळी आहे. आपण ‘इंडोनेशियन’ म्हणून एकत्र बोलावलेले हे दोघे एकमेकांनाही बरेचसे परके आहेत. रॉबर्ट विल्सन या अमेरिकन दिग्दर्शकाने २००४ मध्ये इंडोनेशियातीलच सुलावेसी बेटाच्या दक्षिणेकडील बुगिस लोकांच्या महाकाव्यावर ‘इ ला गालिगो’ बसवले, तेव्हा त्याचे संगीत राहायू सुपांग्गाह या जावानीज संगीतकाराने केले होते, आणि त्यासाठी त्यांना सुलावेसीचे संगीत नव्याने समजून घ्यावे लागले. म्हणजे देशातल्या देशातही तो दोन संस्कृतींमधला प्रयोगच होता.

हार्मोनियमविषयी मात्र माझे मत ठाम आहे: ती बाजूला ठेवावी. गामेलानला प्रमाण सूर नसतो; प्रत्येक संच स्वतःपुरता लावलेला असतो आणि एका गावच्या संचातील पट्टी शेजारच्या गावच्या संचात बसत नाही. गामेलानच्या दोन स्वरपद्धती आहेत: स्लेंद्रोमध्ये सप्तकाचे पाच जवळजवळ सारखे भाग असतात, पेलोगमध्ये सात असमान सूर असतात, आणि यांपैकी कशाचाच हार्मोनियमच्या पट्ट्यांशी मेळ बसत नाही. गळा, सारंगी, बासरी हे सूर गाठू शकतात, पण त्यातही एक खोच आहे. आपल्या कानाला स्लेंद्रो भूपासारखा किंवा दुर्गासारखा वाटतो आणि आपला गायक दोन मिनिटांत नकळत त्याला भूपाकडे ओढून नेतो. तो ओढतो आहे हे त्याच्या लक्षातही येत नाही. यावर उपाय म्हणजे तंबोरा बंद ठेवून गायकाला आठवडाभर गेंदेरच्या शेजारी बसवणे, आणि त्याने पहिले काही दिवस फक्त ऐकणे. बालीच्या वाद्यांबाबत आणखी एक सांगून ठेवतो: तिथे जोडीतील एक वाद्य दुसऱ्यापेक्षा मुद्दामच किंचित चढे लावलेले असते, त्यामुळे आवाजाला लाटेसारखा कंप येतो. आपल्या ध्वनितंत्रज्ञाला हे आधीच सांगा, नाहीतर तो ‘बेसूर’ म्हणून ते दुरुस्त करायला जाईल.

तालाची अडचण सुरांपेक्षा सोपी आहे, पण तीच तालमीत जास्त वेळ खाते. केतावांग या जावानीज रचनेचे आवर्तन सोळा ठोक्यांचे असते आणि आपल्याकडेही सोळा मात्रांचे ठेके आहेत, त्यामुळे सगळ्यांना वाटते की हे सहज जुळेल. मोठा गोंग, म्हणजे टांगलेली मोठी काशाची थाळी, आणि आपली सम एकाच ठिकाणी पडतात, हे खरेच आहे. पण आपला पखवाजवादक त्या ठोक्याला ‘एक’ म्हणतो आणि जावाचा वादक त्यालाच ‘सोळा’ म्हणतो, कारण त्यांच्याकडे वजन शेवटच्या ठोक्यावर असते आणि गोंग आवर्तन पुरे करतो. मग तालमीत कोणीतरी ‘नवव्यापासून घ्या’ म्हणतो, आपला माणूस एक मात्रा आधी उठतो, दोघेही बरोबर असतात, आणि कोण चुकले यावर अर्धा तास जातो. मी आता संयुक्त तालमीत आकडे वापरूच देत नाही. ‘गोंगनंतर’ किंवा ‘पहिल्या केनोंगनंतर’ असे म्हणायचे. केनोंग म्हणजे आवर्तनाचे भाग दाखवणारा आडवा ठेवलेला लहान गोंग; त्याचा ठोका सगळ्यांना ऐकू येतो आणि त्यावर वाद होत नाही. दुसरे असे की रचना संपताना लय मंदावत जाते आणि शेवटचा गोंग किंचित उशिरा, अगदी पिकल्यावर, पडतो. आपल्या वादकाला तिहाई घेऊन समेवर नेमके येण्याची सवय असते आणि तो आधीच पोहोचतो. तिथे त्याने हात थांबवून गोंगची वाट पाहायला शिकावे लागते. हे शिकायला तालीम कमी आणि संयम जास्त लागतो.

कथेच्या बाबतीत आपली खरी कसोटी भीष्मपर्वातच लागेल. आपला शिखंडी जावामध्ये स्रिकांदी आहे: ती स्त्री आहे, धनुर्धर आहे, आणि अर्जुनाची पत्नी आहे. भीष्मावर बाण तीच सोडते. अंबेचा संदर्भ त्यांच्याकडेही आहे. द्रौपदी तिथे एकट्या युधिष्ठिराची पत्नी मानली जाते. द्रोण तिथे दुर्ना होतो, आणि हा दुर्ना कपटी, वाकड्या नाकाचा, पुष्कळदा हास्यास्पद आहे. सेमार, गारेंग, पेत्रुक, बागोंग हे विदूषक आपल्या महाभारतात नाहीतच, आणि त्यांच्यावाचून वायांग ही कल्पनाच जावाचा प्रेक्षक करू शकत नाही. सेमार तर खरे पाहता देव आहे. तालमीत आपल्याकडील एखादा वाचलेला माणूस हमखास म्हणतो की मुळात असे नाही. हे म्हणणे टाळावे. ही महाभारताची जावातील शेकडो वर्षांची स्वतंत्र वाट आहे आणि मूळ कथेला फांद्या फोडून नवे प्रसंग रचणे हा दालांगांचा मान्यताप्राप्त हक्क आहे. माझी रीत अशी की एका प्रवेशाचा एकच निवेदक ठरवायचा. जो प्रवेश दालांग सांगेल त्यात स्रिकांदीच राहील. आपला नट सांगेल त्यात शिखंडी. दोन्हींची सरमिसळ करून ‘मधला’ शिखंडी तयार केला की तो दोन्हीकडच्या प्रेक्षकांना बेतलेला वाटतो. उलट भीष्म शरपंजरी कोसळतानाचा प्रसंग एकदा पडद्यावर आणि एकदा रंगमंचावर, वेगवेगळ्या मारेकऱ्याच्या हातून, अशा दोन्ही रूपांत दाखवला तर प्रेक्षकाला कोणीही काही समजावून सांगावे लागत नाही.

भाषेची अडचण आपण विचारलेली नाही, पण ती येणारच आहे. दालांगाचे बोलणे जावानीजमध्ये असते आणि त्यातही पात्रागणिक आदराच्या पातळ्या बदलतात. आधी मराठीत सारांश वाचून दाखवायचा आणि मग खेळ, हा प्रकार मला पटत नाही. त्याने विनोद मरतो. पुर्बो आस्मोरो या दालांगाच्या परदेशातील प्रयोगांत भाषांतरकार कॅथरिन एमर्सन खेळ चालू असतानाच भाषांतर पडद्यावर उमटवत जातात, आणि त्यामुळे दालांगाला आयत्या वेळी सुचलेली कोटीही प्रेक्षकांपर्यंत पोहोचते. आपल्याकडे जावानीज जाणणारा मराठी माणूस मिळणे कठीण आहे, हे मान्य आहे. मग दालांगाला निम्मे निवेदन बहासा इंडोनेशियामध्ये, म्हणजे त्या देशाच्या राष्ट्रभाषेत, करायची विनंती करावी. ती भाषा जाणणारे भारतात तुलनेने सापडतात, आणि नर्तिकेशी बोलायलाही तीच कामी येईल.

वागण्याविषयी दोन-चार गोष्टी. जावाचे बहुसंख्य दालांग मुसलमान आहेत. अर्जुन-भीम त्यांना घरचे वाटतात, पण म्हणून त्यांच्या हाती आरतीचे तबक देऊ नये. शुक्रवारची दुपार मोकळी ठेवावी आणि तालमी रमजानमध्ये येत असतील तर वेळापत्रक उपवास सोडण्याच्या वेळेभोवती आखावे. नर्तिका बालीची हिंदू असेल, पण तिचे हिंदुत्व तिच्या गावच्या देवळांचे आणि दर २१० दिवसांनी येणाऱ्या गालुंगानसारख्या सणांचे आहे. त्या सुमारास तिला गावाकडे बोलावणे येऊ शकते, तेव्हा तारखा आधीच विचाराव्यात. वाद्य ओलांडू नये, ही शिस्त दोन्हीकडे कडक आहे आणि ती मराठी वादकाला वेगळी शिकवावी लागत नाही. सुराकार्ता-योग्यकार्ताकडील कलावंत न पटलेली गोष्ट सगळ्यांदेखत नाकारत नाहीत. ते हसून मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी तो भाग हळूच गाळतात. म्हणून भर तालमीत ‘चालेल ना?’ असे विचारून निर्णय घेऊ नका. संध्याकाळी, एकट्याने, चहावर विचारा आणि उत्तरासाठी एक रात्र जाऊ द्या. बालीचे कलावंत मला याबाबत जास्त मोकळे वाटले आहेत, अर्थात माणसामाणसांत फरक असतोच.

परंपरेत हात घालू नये अशी जागा कुठे आहे, याचे उत्तर बालीच्याच विद्वानांनी आणि कलावंतांनी १९७१ मध्ये एकत्र बसून दिले आहे. पर्यटनाचा रेटा वाढल्यावर त्यांनी नृत्यांची तीन गटांत विभागणी केली: देवळाच्या आतील विधीची ‘वाली’, विधीला जोडून होणारी ‘बेबाली’ आणि केवळ करमणुकीची ‘बालिह-बालिहान’. तिसऱ्या गटात काय हवे ते करता येते. पहिल्या गटातील नृत्याची मागणी करू नये, आणि मुखवटा संस्कारित असेल तर त्याला हात लावण्याआधी विचारावे. जावामध्ये सुराकार्ताच्या राजवाड्यातील ‘बेदोयो केतावांग’ हे नऊ नर्तिकांचे नृत्य सुसुहुनानच्या, म्हणजे तिथल्या राजाच्या, राज्यारोहणाच्या वार्षिक सोहळ्यात होते. ते बाहेर नेण्याचा विषयच निघत नाही. एवढे सोडले तर उरलेले क्षेत्र प्रचंड मोठे आहे.

नामावली आणि मानधनाविषयी अट घालूनच सांगतो. जाहिरातीत ‘पारंपरिक बालीनीज नृत्य’ असे मोघम छापू नका. नर्तिकेला त्या नृत्याच्या रचनाकाराचे नाव विचारा. पुष्कळदा ते माहीत असते आणि रचनाकार हयातही असतो. देवळासाठी विनामोबदला कला सादर करणे बालीत कर्तव्य समजले जाते, आणि काही संयोजक त्याचा दाखला देऊन कमी पैशांत काम करून घेऊ पाहतात. आपले नाटक देऊळ नाही. तालमीच्या दिवसांचेही पैसे द्यावेत आणि प्रयोग पुढे चालू राहिला तर त्यांच्या प्रवेशांचे काय, हे कागदावर लिहून घ्यावे. व्हिसा पर्यटनाचा चालणार नाही. त्यासाठी आपल्या वकिलातीकडे लवकर अर्ज करायला सांगा.

राहिला केचाक. तो कॉलेजच्या मुलांकडून करवून घ्यायला माझी हरकत नाही आणि बालीच्या कलावंतांचीही सहसा नसते. बालीत स्त्रियांची केचाक पथकेही आहेत. पण ‘चाक-चाक’ असे सगळ्यांनी एकदम ओरडणे म्हणजे केचाक नव्हे. एकमेकांच्या फटींत बसणारे तीन-चार वेगळे ठेके गटागटांनी धरायचे असतात, मधे एक जण ‘पुंग’ म्हणत लय सांभाळतो आणि आणखी एक जण हुकूम सोडतो. पाच आठवड्यांत, रोज तासभर दिला तर, लय पक्की असलेली चाळीस मुले दहा मिनिटांचा चांगला भाग उभा करू शकतील. मात्र आपली नर्तिका तो शिकवू शकेल का, हे तिलाच विचारा, कारण नृत्य येणे आणि केचाक शिकवता येणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. अंगात आल्याचा अभिनय मुलांना करू देऊ नका. सांगह्यांगशी त्याचे नाते अजून जिवंत आहे. मुलांचे गट पाडताना ढोल-ताशा पथकात वाजवलेली मुले एकाच गटात ठेवू नका, प्रत्येक ठेक्यात दोन-दोन पेरा.

दालांगासोबत कोणी वादक येणार आहे का आणि नर्तिका कोणती नृत्ये करते, ते कळवलेत तर कोणत्या प्रवेशात केंदांग आणि कोणत्या प्रवेशात पखवाज ठेवावा, याचा कच्चा आराखडा मी देऊ शकेन.